पूल झालेला राजा आणि वेल्समधला मार्च

माझा भाचा कार्डिफला नोकरी करतो. १५ मार्च २०२५ च्या वेल्स-इंग्लंड रग्बी सामन्याची दोन तिकिटं त्याच्या हाती लागली आणि लगेच त्याचा फोन आला. "मावशी, वेल्सच्या राजांबद्दल वर्षानुवर्षं वाचतेस ना? मग आता ये."

गेले. सामन्याच्या आधीचा आठवडा रेल्वेने फिरायचा, दक्षिणेतून वर उत्तरेपर्यंत, असं ठरवलं. वेल्समध्ये राजे तीन तऱ्हेचे भेटतात: दंतकथेतले, इतिहासातले आणि रग्बीतले. या तिघांच्या वाटा जिथे एकमेकींना छेदतात तिथे उतरायचं, एवढाच बेत होता. व्हिसा, विमान, हॉटेलं हे सगळं सुरळीत झालं, त्यामुळे त्याबद्दल सांगण्यासारखं काही नाही.

रविवार, कार्डिफ

आपल्याकडे मोठं स्टेडियम म्हटलं की ते गावाबाहेर. कार्डिफचं प्रिन्सिपॅलिटी स्टेडियम मात्र थेट बाजारपेठेत, टॅफ नदीच्या काठावर उभं आहे. रेल्वे स्टेशनातून बाहेर पडलं की समोरच त्याचे पांढरे खांब दिसतात. १९९९ मध्ये ते खुलं झालं. जवळपास ७४,००० माणसं मावतात आणि वरचं छप्पर सरकवून बंद करता येतं. त्याला खेटूनच जुनं कार्डिफ आर्म्स पार्क आहे आणि वेल्श रग्बीची पहिली वीरगाथा त्याच मातीत घडली.

१६ डिसेंबर १९०५. न्यूझीलंडचा संघ ब्रिटनभर सगळ्यांना हरवत इथे पोचला होता. सामन्याआधी त्यांनी माओरी युद्धनृत्य 'हाका' केलं. त्याला उत्तर म्हणून वेल्सचा टेडी मॉर्गन 'आमच्या पूर्वजांची भूमी' हे वेल्श गीत गाऊ लागला आणि बघता बघता सगळं मैदान त्याच्यासोबत गाऊ लागलं. खेळाच्या सामन्याआधी राष्ट्रगीत म्हणायची प्रथा तिथून सुरू झाली असं मानतात. त्या दिवशी वेल्स ३-० ने जिंकला. प्रतिस्पर्ध्याच्या रेषेपलीकडे चेंडू जमिनीला टेकवणं म्हणजे 'ट्राय'. त्याचे तेव्हा तीन गुण मिळत, आणि सामन्यातली ती एकमेव ट्रायही टेडी मॉर्गननेच केली. ते गीत पाँटिप्रिथ गावातल्या एका बापलेकांनी १८५६ मध्ये रचलेलं. त्यात कवी, गायक आणि लढवय्ये एकाच ओळीने येतात. हे लक्षात ठेवून पुढे फिरलं की बऱ्याच गोष्टींचा उलगडा होतो.

दुपारी भाच्याने मला बंदराकडे नेलं. तिथे २०२३ मध्ये तीन खेळाडूंचा एकत्र पुतळा बसवला आहे: बिली बॉस्टन, क्लाइव्ह सलिव्हन आणि गस रिस्मन. तिघेही याच शहरातले. तेरा जणांची रग्बी लीग खेळण्यासाठी ते उत्तर इंग्लंडला गेले आणि तिथे मोठे झाले. बॉस्टन आणि सलिव्हन कृष्णवर्णीय होते. पंधरा जणांच्या रग्बीत वेल्सची लाल जर्सी त्यांच्या वाट्याला कधीच आली नाही. सलिव्हनने पुढे ग्रेट ब्रिटनचं कर्णधारपद भूषवलं आणि १९७२ चा रग्बी लीग विश्वचषक जिंकून दिला. पुतळ्याजवळ एक आजोबा नातवाला सांगत होते, "हा बिली आपल्या गल्लीतला." मी परत आल्यावर, जूनमध्ये, बातमी वाचली की नव्वदीतल्या बॉस्टन यांना 'सर' किताब मिळाला. फार उशिरा, पण मिळाला याचा मनापासून आनंद झाला.

*जाता जाता:* सामना नसेल त्या दिवशी स्टेडियम आतून दाखवतात, खेळाडूंच्या खोल्यांसकट. बाजारात तव्यावर भाजलेले, मनुका घातलेले छोटे गोल वेल्श केक मिळतात. गरम असतानाच खा. शाकाहारी मंडळींनी 'ग्लॅमॉर्गन सॉसेज' मागावं. नावावर जाऊ नका, त्यात चीज आणि लीक (कांद्याच्या पातीसारखी भाजी) असतं, मांस अजिबात नसतं.

सोमवार, किडवेली आणि लानेल्ली

मार्च म्हणजे पाऊस, असं सगळ्यांनी बजावलं होतं. प्रत्यक्षात आठवडाभर स्वच्छ ऊन मिळालं. वारा मात्र कान कापून नेणारा.

किडवेलीच्या किल्ल्याच्या दाराशी ग्वेनलियनचं स्मारक आहे. ११३६ मध्ये नवरा मदत मागायला उत्तरेत गेलेला असताना नॉर्मन सरदार चालून आले. राजकन्या ग्वेनलियनने असेल ती माणसं गोळा केली आणि स्वतः सैन्याच्या पुढे उभी राहिली. त्या लढाईत तिचं सैन्य हरलं आणि तिचा शिरच्छेद झाला. त्या माळाला आजही ग्वेनलियनचं रान म्हणतात. तिचा धाकटा मुलगा ऱ्हीस पुढे दक्षिण वेल्सचा सर्वांत बलाढ्य राजा झाला. त्याने ११७६ मध्ये कार्डिगनच्या गढीत कवींचा आणि गायकांचा मोठा मेळा भरवला. आज वेल्समध्ये जो 'आयस्टेथवोड' हा काव्यसंगीताचा महोत्सव भरतो, त्याची पहिली नोंद म्हणून त्याच मेळ्याकडे बोट दाखवतात. लढाईत आई गमावलेल्या मुलाने कवींना खुर्ची दिली. किल्ल्याच्या तटावर उभी राहून हे वाचताना मला बराच वेळ पुढे जाववलं नाही.

किल्ल्यापासून जवळच मनिद-इ-गारेग नावाचं छोटं गाव आहे. रे ग्रॅव्हल तिथला. लाल दाढीचा, दणकट अंगाचा मधल्या फळीतला खेळाडू. वेल्सकडून २३ सामने खेळला. पुढे हाच माणूस आयस्टेथवोडमधल्या कवींच्या सभेचा खड्गधारी झाला. त्या सोहळ्यात भली मोठी तलवार म्यानातून थोडीशी बाहेर काढतात आणि प्रमुख कवी लोकांना विचारतो, "शांतता आहे ना?" सगळे एका आवाजात म्हणतात, "आहे." असं तीनदा होतं आणि तलवार परत म्यानात जाते. ती पूर्ण उपसायची नसते. ज्याच्या धडकेने भले भले कोलमडायचे, त्याच्या हाती न उपसायची तलवार द्यावी, हे या लोकांना सुचलं याचं मला फार अप्रूप वाटलं.

दुपारी लानेल्लीला ग्रॅव्हलचा पुतळा पाहिला, 'पार्क इ स्कारलेट्स' या मैदानापाशी. लानेल्ली हे कथिलाच्या पत्र्याचं गाव. जुन्या मैदानावरच्या गोलखांबांच्या टोकांना चक्क लाल पातेली असायची. ३१ ऑक्टोबर १९७२ ला या गावच्या क्लबने न्यूझीलंडला ९-३ ने हरवलं. प्रशिक्षक कार्विन जेम्स, कर्णधार डेल्मी थॉमस, आणि संघात २१ वर्षांचा ग्रॅव्हल. त्या रात्री गावातल्या पबांमधली बिअर संपली, हे इथलं शेंबडं पोरही सांगतं. ग्रॅव्हल २००७ मध्ये गेला तोही ३१ ऑक्टोबरलाच.

पुतळ्यासमोरच्या बाकावर एक निवृत्त शिक्षिका बसल्या होत्या. मी भारतातून यासाठी आले म्हटल्यावर त्यांनी डब्यातला ब्राउन ब्रेडसारखा दिसणारा, चहात भिजवलेल्या मनुकांचा 'बारा ब्रीथ' माझ्यापुढे केला आणि बॅरी जॉनबद्दल सांगू लागल्या. कार्विन जेम्स आणि बॅरी जॉन दोघेही जवळच्याच केव्हनाइथिन या खाणीच्या गावातले. १९७१ मध्ये ब्रिटिश लायन्स, म्हणजे इंग्लंड, स्कॉटलंड, वेल्स आणि आयर्लंडचा मिळून निवडलेला संघ, न्यूझीलंडमध्ये मालिका जिंकला, तेव्हापासून बॅरी जॉनला लोक 'किंग' म्हणू लागले. तिथली मालिका लायन्सनी त्याआधी कधी जिंकली नव्हती, त्यानंतरही जिंकलेली नाही. परत आल्यावर एका बँकेच्या समारंभात एक तरुण मुलगी त्याच्यापुढे गुडघा वाकवून झुकली, राजापुढे झुकतात तशी. बॅरी जॉन हादरला. आपण आपल्या माणसांपासून तुटलो असं त्याला वाटलं आणि १९७२ मध्ये, अवघ्या २७ व्या वर्षी, त्याने खेळ सोडला.

"खाणकामगाराचा मुलगा आहे तो," बाई म्हणाल्या. "त्याच्यापुढे कुणी वाकलेलं त्याला कसं सोसेल?" बॅरी जॉन २०२४ च्या फेब्रुवारीत वारला. त्या हे सांगताना वर्तमानकाळात बोलत होत्या.

संध्याकाळी लँडोव्हरीची गाडी धरली.

मंगळवार, लँडोव्हरी आणि किल्मेरी

लानेल्लीकडून श्रूजबरीकडे जाणारी 'हार्ट ऑफ वेल्स' लाइन म्हणजे या प्रवासातलं सर्वांत मोठं सुख. जेमतेम एक-दोन डब्यांची गाडी, दिवसातून मोजक्या फेऱ्या, दोन्ही बाजूंना मेंढ्यांची कुरणं आणि कोवळी कोकरं. वेळापत्रक आधी पाहून ठेवा, एक गाडी चुकली की तासन् तास थांबावं लागतं.

लँडोव्हरीत पडक्या गढीच्या टेकाडावर पोलादाचा उंच योद्धा उभा आहे. शिरस्त्राण, झगा, ढाल, भाला सगळं आहे, आत माणूस मात्र नाही. शिरस्त्राणात पोकळी आहे. हा कायो गावचा जमीनदार लेवेलिन अप ग्रिफिथ व्हाखन. १४०१ मध्ये इंग्लंडचा राजा चौथा हेन्री बंडखोर ओवाइन ग्लिनदूरला शोधत या भागात आला आणि वाट दाखवायला त्याने या वयस्क माणसाला धरलं. लेवेलिनची मुलं ग्लिनदूरच्या सैन्यात होती. त्याने राजाला दिवसचे दिवस भलत्याच दऱ्याखोऱ्यांतून फिरवलं. लबाडी उघड झाल्यावर त्याला याच गावात राजासमोर हाल हाल करून मारण्यात आलं. बरोबर ६०० वर्षांनी, २००१ मध्ये, गावाने हा पुतळा उभारला. त्याचा चेहरा कसा होता हे कुणाला माहीत नाही, म्हणून शिल्पकारांनी तो कल्पनेने घडवलाच नाही. सकाळचं ऊन पोलादावर पडलं होतं आणि त्या पोकळीतून मागचं आभाळ दिसत होतं.

पुढची गाडी किल्मेरीला. हा थांबा विनंतीचा आहे. कुठे उतरायचं ते गार्डला आधी सांगायचं, आणि चढायचं असेल तर गाडी दिसताच फलाटावरून हात करायचा. गाडी थांबली, उतरणारी मी एकटीच.

स्टेशनापासून थोडं चाललं की रस्त्याकडेला एका टेकाडावर ग्रॅनाइटचा ओबडधोबड उभा दगड आहे. ११ डिसेंबर १२८२ रोजी लेवेलिन अप ग्रिफिथ, स्वतंत्र वेल्सचा शेवटचा राजपुत्र, म्हणजे तिथला राज्यकर्ताच, इथे मारला गेला. तो मुख्य सैन्यापासून वेगळा पडला होता. मारणाऱ्याने त्याला आधी ओळखलंही नव्हतं. मग मुंडकं कापून लंडनला पाठवलं, आणि इंग्लंडच्या एडवर्ड राजाने ते तिथल्या टॉवर किल्ल्यावर टांगलं. जवळच एक झरा आहे, तिथे ते मुंडकं धुतलं असं गावकरी सांगतात. त्याची तान्ही मुलगी, तिचंही नाव ग्वेनलियनच, लिंकनशरच्या एका मठात नेऊन ठेवली. ती १३३७ मध्ये तिथेच वारली. वेल्सच्या शेवटच्या राजवंशाच्या लेकीला आयुष्यभर मायदेश दिसला नाही.

दगडापाशी ताजे डॅफोडिल्स होते. एक जोडपं कुत्र्याला घेऊन आलं, क्षणभर थांबलं, बाईंनी दगडाला हात लावला आणि ती दोघं निघून गेली. रोज येतात म्हणाले. मी पुढच्या गाडीला हात करून श्रूजबरीला मुक्कामी गेले.

बुधवार, मॅखन्लेथ

श्रूजबरी इंग्लंडमध्ये आहे. लेवेलिनचा भाऊ डेव्हिड याला १२८३ मध्ये इथेच देहांत शिक्षा झाली. सकाळी तो चौक पाहिला आणि पश्चिमेची गाडी धरली.

मॅखन्लेथला बुधवारी बाजार भरतो, १२९१ पासून. रुंद मुख्य रस्त्यावर दोन्ही बाजूंना भाजी, चीज, मध, जुनी पुस्तकं, लोकरी मोजे. सगळीकडे वेल्श कानावर पडत होतं. मी गरम 'काउल' घेतलं: मटण, लीक आणि कंदमुळांचं पातळ कालवण, सोबत चीजचा तुकडा आणि पाव. थंडीत दुसरं काही नको वाटलं.

याच रस्त्यावर ग्लिनदूरचं संसदगृह आहे. आजची वास्तू त्याच्या काळानंतरची, पण त्याने १४०४ मध्ये संसद भरवली ती जागा हीच, असं परंपरा सांगते. ग्लिनदूर लंडनला कायदा शिकलेला, इंग्लंडच्या राजाच्या फौजेत लढलेला सुखवस्तू जमीनदार. शेजारच्या इंग्रज सरदाराशी जमिनीवरून तंटा झाला, न्याय मिळाला नाही, आणि १६ सप्टेंबर १४०० रोजी माणसांनी त्याला वेल्सचा राजपुत्र म्हणून घोषित केलं. ऑक्सफर्डमधले वेल्श विद्यार्थी शिक्षण सोडून आणि इंग्लंडमधले वेल्श मजूर शेतं सोडून त्याच्याकडे आले. वेल्श माणसाने शस्त्र बाळगू नये, अधिकारपद घेऊ नये असे कायदे इंग्लंडने केले, तर आणखी लोक आले.

मला त्याच्या लढायांपेक्षा त्याचं १४०६ चं पत्र मोठं वाटतं. पेनाल या जवळच्याच गावातून त्याने ते फ्रान्सच्या राजाला लिहिलं. वेल्सचं चर्च कँटरबरीपासून, म्हणजे इंग्लंडच्या मुख्य धर्मपीठापासून, वेगळं व्हावं आणि वेल्समध्ये दोन विद्यापीठं असावीत, एक उत्तरेत, एक दक्षिणेत, असं त्यात आहे. पाठीवर शत्रू असताना हा माणूस विद्यापीठांचा विचार करत होता. वेल्सचं पहिलं विद्यापीठीय महाविद्यालय अॅबरिस्टविथला सुरू झालं ते १८७२ मध्ये.

बंड मोडलं. बायको आणि मुली लंडनला कैदेत गेल्या. डोक्यावर इनाम असूनही ग्लिनदूरला कुणी पकडून दिलं नाही. १४१२ नंतर तो दिसेनासा झाला. त्याची समाधी कुठे आहे, हे आजवर सापडलेलं नाही.

चीजवाल्याच्या दुकानाबाहेर लाल-पिवळ्या चौकटींत चार सिंह असलेला ग्लिनदूरचा झेंडा होता. शनिवारी सामन्याला जाणार म्हटल्यावर तो म्हणाला, "बाई, जर्सीवरची तीन पिसं नीट बघा. ती इंग्लंडच्या युवराजाची आहेत. आमच्या पोरांच्या छातीवर हे सिंह असायला हवे होते." एडवर्डने लेवेलिनला मारल्यावर 'प्रिन्स ऑफ वेल्स' ही पदवी १३०१ मध्ये आपल्या मुलाला दिली आणि ती इंग्लंडच्या युवराजाकडेच राहिली. त्याचं दुःख मला पटलं.

*गाडीत बसताना:* मॅखन्लेथला गाडीचे डबे वेगळे होतात. काही अॅबरिस्टविथला जातात, काही किनाऱ्याने पुल्हेलीकडे. हार्लेखला जायचं तर पुल्हेलीच्या डब्यात बसा आणि डावीकडची खिडकी धरा. बारमथच्या लांब लाकडी पुलावरून खाडी ओलांडताना उजवीकडेही डोंगर दिसतात, तेवढ्यापुरतं उभं राहावं.

गुरुवार, हार्लेख

किल्ला सरळ उभ्या कड्यावर आहे. १२८३ च्या सुमारास एडवर्डने तो बांधायला घेतला. तेव्हा समुद्र पायथ्याशी येत होता. आता तो बराच मागे हटला आहे आणि मध्ये वाळूच्या टेकड्या आणि गोल्फचं मैदान आहे. किनाऱ्याकडे उतरणाऱ्या १०८ पायऱ्या मात्र अजून आहेत.

गड म्हटला की मराठी माणसाच्या मनात आपसूक आपलेपणा येतो. इथे मला थबकायला झालं. ज्याला बघायला जगभरातून लोक येतात तो हा जागतिक वारसा वेल्श लोकांना दाबून ठेवण्यासाठी जिंकणाऱ्याने बांधलेला. वेल्श राजांच्या स्वतःच्या गढ्या लहान, पडक्या, डोंगरात लपलेल्या आहेत. ग्लिनदूरने १४०४ मध्ये हार्लेख घेतला, घरच्यांना इथे आणलं, इथे दरबार भरवला. १४०९ मध्ये तो पडला तेव्हा त्याचं कुटुंब इथूनच कैद झालं. त्या चार-पाच वर्षांपुरता हा किल्ला वेल्सचा होता.

पण हार्लेखचा खडक किल्ल्याहून जुना आहे. 'मबिनोगी' या मध्ययुगीन वेल्श कथांमध्ये राक्षसी देहाचा राजा ब्रान याच खडकावर बसून समुद्राकडे पाहत असतो. आयर्लंडहून तेरा जहाजं येतात. तिथला राजा ब्रानच्या बहिणीला, ब्रानवेनला, मागणी घालतो. लग्न होतं, पण ब्रानचा सावत्र भाऊ रागाने पाहुण्यांचे घोडे विद्रूप करतो. त्याचा सूड आयर्लंडमध्ये ब्रानवेनवर उगवला जातो. राणीला मुदपाकखान्यात धाडतात आणि खाटीक रोज तिच्या कानशिलात मारतो. तीन वर्षं ती एका साळुंकीसारख्या पाखराला बोलायला शिकवते आणि त्याच्या पंखाखाली पत्र बांधून भावाकडे पाठवते.

ब्रान निघतो. कुठल्याच जहाजात मावत नाही म्हणून समुद्र पायी ओलांडतो. आयर्लंडमध्ये वाटेत नदी आडवी येते, पूल तोडलेला. माणसं विचारतात, आता काय करायचं? ब्रान म्हणतो, "जो प्रमुख, त्याने पूल व्हावं." आणि नदीवर आडवा पडतो. सैन्य त्याच्या पाठीवरून पार होतं.

पुढे सगळा विनाश आहे. ब्रानवेनचा लहानगा मुलगा ग्वेर्न आगीत फेकला जातो. युद्धानंतर वेल्सचे फक्त सात जण उरतात. विषारी भाल्याने जखमी झालेला ब्रान त्यांना सांगतो, माझं शिर कापून सोबत न्या. ते शिर सात वर्षं याच हार्लेखमध्ये त्यांच्याशी गप्पा मारतं, मग आणखी ऐंशी वर्षं एका बेटावर. शेवटी ते लंडनच्या श्वेत टेकडीत पुरतात, तोंड फ्रान्सकडे करून, बेटाचं रक्षण करायला. ती टेकडी म्हणजे आज लंडनचा टॉवर उभा आहे ती जागा, असं मानतात. किल्मेरीच्या लेवेलिनचं शिर टांगलं तेही तिथेच. एडवर्डने जागा निवडली तेव्हा ही कथा त्याला माहीत होती का, याने काही फरक पडत नाही. वेल्श माणसाला ती माहीत होती.

किल्ल्याबाहेर आयव्हर रॉबर्ट्स-जोन्स यांचं १९८४ चं शिल्प आहे, 'दोन राजे'. थकलेल्या घोड्यावर वाकलेला ब्रान आणि त्याच्या पुढ्यात ग्वेर्नचं निष्प्राण शरीर. विजयाचा मागमूसही नाही. मला लानेल्लीच्या बाई आठवल्या. कुणी झुकलं म्हणून खेळ सोडणारा बॅरी जॉन आणि स्वतः झोपून माणसांना वाट देणारा ब्रान, हे एकाच जातीचे राजे आहेत. वेल्सने राजाची पारख विजयावरून केलेली नाही. तो आपल्या माणसांसाठी किती खाली वाकला, यावरून केली आहे. लँडोव्हरीच्या जमीनदाराला काही राजपद नव्हतं, पण त्यालाही मी त्यात धरते.

*पायांना इशारा:* स्टेशन खाली, गाव वर. मधला पेन लेख रस्ता २०१९ मध्ये जगातला सर्वांत तीव्र चढाचा रस्ता म्हणून गाजला होता, पुढच्या वर्षी तो मान न्यूझीलंडला परत गेला. गुडघे दुखत असतील तर दुसऱ्या वाटेने जा. किडवेली आणि हार्लेख दोन्ही किल्ले 'कॅडू' या वारसा संस्थेकडे आहेत, त्यांचा एकत्रित पास मिळतो.

शुक्रवार, बेथगेलर्ट

आदल्या संध्याकाळी पोर्थमडोगहून बसने बेथगेलर्टला आले होते. दोन नद्यांच्या संगमावरचं दगडी घरांचं गाव. सकाळी नदीकाठाने गेलर्टच्या थडग्याकडे गेले. थोरला लेवेलिन, किल्मेरीच्या लेवेलिनचा आजोबा (मृत्यू १२४०), शिकारीहून परतला. तान्ह्या बाळाचा पाळणा उलटलेला आणि त्याच्या लाडक्या गेलर्ट कुत्र्याच्या तोंडाला रक्त. त्याने कुत्र्यावर तलवार चालवली. मग पाळण्याखाली बाळ सुखरूप दिसलं आणि शेजारी मेलेला लांडगा.

मी थडग्यावरचा मजकूर वाचून शेजारच्या पर्यटकांना म्हटलं, ही आमची गोष्ट आहे. पंचतंत्राच्या पाचव्या तंत्रातली ब्राह्मणी आणि मुंगूस. आजीने सांगितलेली, दरवेळी मुंगसासाठी रडू आणणारी. ही कथा भारतातून पश्चिमेकडे भाषांतरांतून आणि तोंडातोंडी फिरत गेली, हे अभ्यासकांनी दाखवलं आहे. या गावात ती रुजवली अठराव्या शतकाच्या शेवटी एका खानावळवाल्याने, गिऱ्हाईक वाढावं म्हणून. तरी त्या झाडाखाली दोन लहान मुलं दगडावर फुलं ठेवत होती. त्यांचं दुःख खरं होतं.

तिथून अर्ध्या तासाच्या चालीवर दिनास एमरिसची टेकडी. व्होर्टिगर्न राजा इथे गढी बांधायचा आणि ती रोज रात्री ढासळायची. बिनबापाच्या पोराचं रक्त शिंपडा, असं ज्योतिष्यांनी सांगितलं. आणलेल्या पोराने, एमरिसने, राजाला जमीन खणायला लावली. खाली तळं निघालं आणि तळ्यात दोन ड्रॅगन. पांढरा आक्रमकांचा, लाल इथल्या लोकांचा. झुंजीत लाल जिंकला. तोच आज वेल्सच्या झेंड्यावर आहे. ओकच्या रानातून, धबधब्याजवळून चढणारी वाट छान आहे, शेवटचा टप्पा निसरडा. वर फक्त दगडांचे अवशेष आणि समोर एरिरीचे डोंगर. वर पोचल्यावर मी बऱ्याच वेळाने जेवणाचा डबा उघडला.

नंतर बस, गाडी, पुन्हा गाडी. कार्डिफला पोचायला रात्र झाली.

शनिवार, कार्डिफ

सकाळपासून रस्ते लाल. लहान मुलांच्या डोक्यावर डॅफोडिलच्या टोप्या, आजीबाईंच्या गालांवर ड्रॅगन. मधल्या रस्त्यांवर वाहनांना बंदी असते आणि संध्याकाळी स्टेशनाबाहेर लांबलचक रांगा लागतात, तेव्हा परतीची घाई ठेवू नका.

वेल्सचा संघ तेव्हा ओळीने सोळा कसोटी सामने हरलेला होता. जिंकण्याची आशा कुणी बोलून दाखवत नव्हतं. तरीही राष्ट्रगीत सुरू झालं तेव्हा माझ्या अंगावर जे आलं ते मी याआधी कुठल्याच मैदानावर अनुभवलेलं नाही. वाद्यं थांबली तरी ७४,००० लोक गात राहिले, चार-चार सुरांत, जणू घरून तालीम करून आले होते. भाच्याला शब्द पाठ होते. तो रडत होता.

इंग्लंडने पहिल्या काही मिनिटांतच ट्राय केली, आणि मग करतच गेला. शेवटी ६८-१४. कार्डिफमध्ये इंग्लंडने वेल्सला इतक्या फरकाने कधीच हरवलं नव्हतं. दहा ट्राय.

मी मात्र बहुतेक वेळ कर्णधार जॅक मॉर्गनकडे पाहत होते. तो फ्लँकर. या जागेवरच्या खेळाडूचं काम म्हणजे पडलेल्या चेंडूवर सर्वांत आधी झेप घ्यायची आणि अंगावर दोन्ही संघांचे दणकट देह झेलत तिथेच टिकायचं. सोबती वरून पलीकडे जातात. तो उठायचा, धावायचा, पुन्हा जमिनीवर. गुणफलक पन्नाशीच्या पुढे गेल्यावरही. भाचा माझ्या कानाशी ओरडला, "मावशी, कुणाला बघतेयस?" मी म्हटलं, "पुलाला." हार्लेखची गोष्ट मी त्याला रात्री सांगितली.

काही लोक लवकर उठून गेले. आमच्या पुढच्या रांगेतले एक गृहस्थ, ऐंशीच्या आसपासचे, सामना संपेपर्यंत उभे राहून टाळ्या वाजवत होते. १९७० च्या दशकातले सगळे दिग्गज त्यांनी पाहिले होते. आजचा दिवस फार वाईट ना, असं मी विचारलं. "वाईटच," ते म्हणाले. "पण त्या पोराने एकदाही पाठ फिरवली नाही. तुम्ही पाहिलंत ना?" मी पाहिलं होतं.

रात्री पबमध्ये ग्लॅमॉर्गन सॉसेज खाताना लाल आणि पांढऱ्या जर्सीवाले एकाच टेबलावर बसले होते. कुणीतरी गाणं सुरू केलं आणि इंग्रजही त्यात सामील झाले. जुलैतला जपान दौरा, कोणाला घ्यायचं, कोणाला वगळायचं, यावर कडाक्याचा वाद चालला होता. जपानमधला पहिला सामनाही वेल्स हरला, सलग अठरावा. १२ जुलैला कोबेमध्ये मात्र ३१-२२ ने जिंकला. भाच्याने मला पाठवलेल्या निरोपात आधी तो आकडा होता आणि खाली एकच ओळ: "मावशी, पुढच्या वेळी स्कॉटलंडच्या सामन्याला ये, ते राजे वेगळे आहेत."